शेळीची खुंटी

गुरुवारी भोरला जायचं की नसरापूरला, एवढंच मार्गासनीच्या सोनियाला ठरवायचं होतं. फिजिओथेरपीला दोन्हीकडं तोच वार मिळाला होता. तिच्या सहा वर्षांच्या राजनंदिनीला सेरेब्रल पाल्सी आहे. पाय ताठ राहतात, ती वॉकर धरून चालते. भोरच्या मॅडम तिला गादीवर झोपवून पाय ताणून देत. नसरापूरचे सर आवडीचं काम देऊन ते तिलाच करायला लावत.

सोनियानं दोन्हीकडं दोन-दोन महिने नेऊन पाहिलं. माप एकच होतं: उंबऱ्यापासून शेळीच्या खुंटीपर्यंत न थांबता जायचं. भोरच्या वेळी पोर निम्म्यावर थांबायची. नसरापूरच्या सातव्या आठवड्यात तिनं शेळीचे कान धरले.

"ठरलं, नसरापूर!" सोनिया म्हणाली.

सासूबाई रतनबाई जरा घुटमळल्या. "खुंटी म्या मधीच उंबऱ्याच्या जवळ घेतलीया. पोर रोज हिरमुसायची गं."

"अवो आत्या, माझं सगळं माप गेलं की!"

गुरुवारी तिनं सरांना खरं ते सांगितलं. सर हसायला लागले. "मीही हेच करतो. आधी वस्तू जवळ ठेवायची, मग रोज थोडी लांब. आजींनी निम्मं काम केलंय, उरलेलं निम्मं करायला सांगा."

संध्याकाळी रतनबाईंनी खुंटी उपटली आणि वीतभर मागं धरली.

राजनंदिनी वॉकर घेऊन उंबऱ्यात तयार होती. "आजे, दोन वीत!"