बासुंदीची तक्रार

सोसायटीत मला भांडकुदळ म्हणतात. ते चूक आहे. मी भांडत नाही, मी लेखी कळवते. पाणीपट्टी, पथदिवे, समोरच्या मंगल कार्यालयाचा डीजे, सगळ्यांबद्दल माझी पत्रं गेलेली आहेत आणि प्रत्येकाची पोच माझ्या फायलीत आहे.

त्यामुळे आमच्या ह्यांना सलाइन लावून डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "बासुंदीनंच झालंय, वहिनी," तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही, डोक्यात तक्रारीचा मजकूर यायला लागला. चार वाजले होते. ह्यांचा साठावा वाढदिवस, म्हणून सकाळी पेठेतल्या एका नावाजलेल्या दुकानातून किलोभर बासुंदी आणली होती. मला मधुमेह, त्यामुळे मी चाखलीही नव्हती. ह्यांनी तीन वाट्या संपवल्या आणि दोन तासांत उलट्यांनी बेजार झाले. आता धोका नव्हता. डॉक्टरांना दाखवायला आणलेला डबा मी पिशवीत घातला आणि तडक दुकान गाठलं.

मालकांनी डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सकाळपासून शंभर किलो गेली. तक्रार घेऊन येणाऱ्या तुम्हीच पहिल्या. आणि विकलेला माल आम्ही परत घेत नाही."

"परत द्यायला आलेलीच नाही," मी म्हटलं. "आपलं पूर्ण नाव सांगा, अर्जात लिहायचंय."

अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात पोचले तेव्हा सव्वापाच होऊन गेले होते. अन्न सुरक्षा अधिकारी म्हणून पाटीवर नाव होतं, सलोनी. माझ्या मुलीच्या वयाची असेल. मला वाटलं, आता उद्या या म्हणणार, आणि मी भांडायच्या तयारीनं खुर्ची ओढली. पण तिनं मुकाट्यानं कागद पुढे केला. मी दोन पानं लिहिली, मुद्देसूद, एकही खाडाखोड नाही. खरं सांगते, लिहिताना मला बरं वाटत होतं. तो दुकानदार डोळ्यांसमोर होता आणि मी त्याला एकेका वाक्यानं खाली आणत होते.

सलोनीनं बिल पाहिलं, डब्यावरची तारीख टिपून घेतली. "उद्या सकाळी आम्ही दुकानातून नमुना घेऊ. याच डब्यातली आणखी कोणी खाल्ली?"

"नाही. हे एकटेच."

"कोणाला दिली होती?"

मी पेन खाली ठेवलं.

दिली होती. डबा उघडल्यावर पहिली मोठी वाटी शेजारच्या नजमाकडे गेली होती. पंधरा वर्षं आमच्याकडचं गोडधोड आधी तिच्याकडे जातं, ईदचा शीरखुर्मा आधी आमच्याकडे येतो. रमजान चालू होता, म्हणून मीच सांगितलं होतं, "फ्रिजमध्ये ठेव, रोजा सोडताना सगळ्यांनी खा."

मी हे सांगितल्यावर सलोनीनं मोबाइलमध्ये पाहिलं. "आज इफ्तार सहा चव्वेचाळीसला आहे."

भिंतीवरच्या घड्याळात सहाला पाच कमी होते.

मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. सोसायटीच्या ग्रुपवर टाकावं, तर पार्किंगवरून भांडून तो ग्रुप मी दिवाळीतच सोडला होता. नजमाच्या मिस्टरांचा, मुनव्वरभाईंचा नंबर ह्यांच्याकडे, आणि ह्यांचा फोन बंद.

"मॅडम, तुम्ही निघा," सलोनी म्हणाली. "नंबर देऊन ठेवा. मी लावत राहते."

रिक्षा मिळाली, पण स्वारगेटला अडकली. सिग्नल तीनदा हिरवा झाला आणि आम्ही तिथेच. मी फोन लावत होते आणि तो वाजून वाजून बंद पडत होता. तेवढ्यात आणखी एक गोष्ट आठवली. नजमाच्या सासूबाईंना, अम्मींना, यंदा डॉक्टरांनी रोजे धरू दिले नव्हते. एक्क्याऐंशी वर्षांचं वय, दोन वर्षांपूर्वी हृदयाचं ऑपरेशन. त्यांना पावणेसातपर्यंत थांबायची गरजच नव्हती. त्यांनी दुपारीच खाल्ली असेल तर?

"दादा, घाला ना पुढे," मी म्हटलं.

"कुठं घालू, मावशी? बसवर चढवू का?"

एरवी मी त्याला सोडला नसता. आता मी नुसते हात जोडले.

बिबवेवाडीत सोसायटीच्या दारात उतरले तेव्हा सहा चाळीस झाले होते. तीन मजले धावत चढले. नजमाचं दार उघडंच होतं. आत दस्तरखान अंथरलेलं, खजूर, कापलेली फळं, भजी. आणि बासुंदीच्या तीन लहान वाट्या. तिसरी अम्मींच्या हातात होती.

मी चपलांसकट आत गेले आणि त्यांच्या हातातली वाटी हिसकावून घेतली.

"हेमाताई!" नजमा ओरडली. मुनव्वरभाई उठून उभे राहिले. मला धाप लागली होती. तुकड्यातुकड्यानं सांगितलं, ह्यांच्या उलट्या, सलाइन, डॉक्टर.

"अम्मी, खाई तो नहीं ना?" नजमानं विचारलं.

"कहाँ से खाऊँ?" अम्मी चिडून म्हणाल्या. "चार बजे से माँग रही हूँ, ये देती कहाँ है."

मी तिथेच खाली बसले. मला रडू आलं. नजमानं तिन्ही वाट्या उचलून मोरीत नेऊन ठेवल्या, परत आली आणि पाण्याचा ग्लास माझ्यापुढे ठेवला.

"भाऊ कसे आहेत आता?"

"बरे आहेत. रात्री सोडतील."

"डॉक्टरांनी तुम्हाला कधी सांगितलं, बासुंदीनं झालंय म्हणून?"

"चार वाजता."

ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. "मग इतका वेळ कुठे होतात?"

"आधी दुकानात गेले. मग तक्रार करायला ऑफिसात." हे मोठ्यानं बोलल्यावर मला माझीच शरम वाटली.

मशिदीतून अजान ऐकू आली. नजमानं खजूर आधी अम्मींच्या हातावर ठेवला, मग मुनव्वरभाईंच्या, मग माझ्या. आवाज चढवला नाही.

"साडेपाचनंतर मी स्वयंपाकात असते, फोन आतल्या खोलीत राहतो," ती म्हणाली. "चारला केला असतात, हेमाताई, तर लगेच उचलला असता."