बिनभोकाची पानं

तिचा धंदा एका पानावर चालायचा. बागेचं काम संपलं, की गिऱ्हाइकासमोर आंबुशीचं पान खुडायचं, न धुता तोंडात टाकायचं आणि दुसरं लेकीच्या हातात द्यायचं. दोन वर्षांची ठमी ते आंबट पान मिटक्या मारत खायची. याहून मोठी जाहिरात कसली? पाटीवरही तिनं तेच रंगवून घेतलं होतं: ‘इथलं पान खाऊन बघा.’

बँकेतली नोकरी सोडून ती या इथल्याच मातीतल्या रानझाडांच्या मागे लागली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, “लोक तण उपटायला माणूस लावतात, आमची सून तण लावायला जाते.” तिनं ते हसण्यावारी नेलं. औषध नाही, फवारा नाही. अळीनं पान खाल्लं तर खाऊ दे, तिलाही पोट आहे. हळूहळू लोक बोलावू लागले. आज उद्घाटनाला या बालवाडीची नवी बाग पसंत पडली, तर त्याच संस्थेच्या बाकीच्या बालवाड्याही तिलाच मिळणार होत्या.

मुलं दाराआड चुळबुळत होती. पालक मोबाइल सरसावून उभे. मुख्याध्यापिका भलत्याच खुशीत.

“किती स्वच्छ दिसतेय हो बाग! मागच्या आठवड्यात त्या अळ्या बघून माझ्या अंगावर काटा आला होता.”

काटा आता तिच्या अंगावर आला. एकाही पानाला भोक नव्हतं. आंबुशीवर भिरभिरणारी नखाएवढी निळी फुलपाखरं कुठं गेली? ती खाली वाकली. वाफ्याच्या कडेला मुंग्या पाय वर करून पडल्या होत्या.

वळून बघते तर ठमीनं आपलं नेहमीचं काम सुरूही केलेलं. पान तोंडात.

तिनं झडप घातली. बोट घालून पान बाहेर काढलं, रुमाल भिजवून जीभ पुसली, पुन्हा पुसली. ठमीनं भोकाड पसरलं.

“भाऊजी!”

बागेला पाणी घालायचं काम धाकट्या दिराकडे होतं. गोड बोलून बालवाडीचं हे काम तिला मिळवून दिलंही त्यानंच. इस्त्रीच्या शर्टात, उतरल्या चेहऱ्यानं तो पुढे आला.

“काय मारलंत झाडांवर?”

“मी? छे! हळू बोला वहिनी, लोक बघतायत.”

तिनं एक पान खुडलं आणि त्याच्या नाकासमोर धरलं. “खा.”

“माझे दात आंबतात.”

“आंबू देत. पाटी वाचा आणि खा.”

एक पालक हसला. त्याला वाटलं, हाही कार्यक्रमच. मग त्याचं हसू विरलं, कारण दीर पानाकडे बघेना.

“तुमच्यासाठीच केलं,” तो पुटपुटला. “अळ्यांपायी काम हातचं गेलं असतं. थोडंसंच मारलंय. थोड्यानं काय होतंय?”

“मग पुतणीच्या तोंडात पान गेलं, तेव्हा तुमचा चेहरा का उतरला?”



मुख्याध्यापिका तिच्या कानाशी आल्या. “हे बघा, मुलांना लांबून दाखवू. फोटो काढले की झालं. उगाच बोभाटा कशाला?”

पण बोभाटाच करायचा होता तिला. रडणारी ठमी कडेवर, आवाज चिरकलेला. “बागेत विष मारलंय! पोरांना आत सोडू नका!”

“तुमचीच ना ही बाग?” एक आई ओरडली.

“माझीच.”

क्षणात गोंधळ उडाला. मोबाइल खाली गेले, हात पोरांच्या दंडांवर आले. “पुन्हा या दारात पाऊल टाकू नका,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. फाटक ओढलं, कडी घातली, पाटी उपटून भिंतीला पालथी टेकवली.

“सगळ्यावर बोळा फिरवलात, वहिनी,” दीर म्हणाला.

“औषधाचं नाव सांगा. हिला डॉक्टरकडे नेतेय.”

“नाव... लक्षात नाही. डबा फेकला.”

“कुठं?”

त्यानं हनुवटीनं मागच्या कचऱ्याच्या पिंपाकडे खूण केली.

“शोधा.”

“आत्ता? या कपड्यांवर?”

ती पिंपाशी जाऊन उभी राहिली. त्यानं बाह्या वर केल्या आणि पिंपात हात घातला. कडेवरची ठमी आईच्या छातीवर मुठी आपटत होती, “पान! माझं पान!”