निळ्या डब्यातलं पीठ

गुणवंतने काडीला खोचलेलं सॉसेज तेलात सोडलं, आणि खांद्यावरून उपरणं घसरावं तसं त्याच्या अंगावरचं पीठ सावकाश घसरून कढईच्या तळाशी जाऊन बसलं. वर तरंगत राहिलं ते उघडंबोडकं सॉसेज. आधीच्या दोन सॉसेजचंही हेच झालं होतं.

“नॉट लाइक धिस, बाबा,” ओट्याला टेकलेली आभा म्हणाली. “आईच्या कॉर्न डॉगचा कोट निघत नाही.”

“या उन्हात कोट घालून कोण राहील?”

ती हसली नाही. शाळेला सुट्टी लागली की पहिल्या शुक्रवारी कॉर्न डॉग, हा तिच्या आईचा नेम. यंदा तो दोन शुक्रवार चुकला होता, कारण दुबईतल्या रास अल खोरच्या गोदामात मालाची मोजणी चालली होती आणि गुणवंत सुट्टीच्या दिवशीही घामाने भिजून घरी येत होता. मनखूलमधल्या त्यांच्या बिल्डिंगमधली निम्मी घरं कुलूप लावून मुलखाला गेली होती. आभाला खेळायला कुणी उरलं नव्हतं. म्हणून आज कंबर धरलेली असूनही तो उभा राहिला होता. हॉलमध्ये कीर्तनाची कॅसेट लावलेली होती. एरवी बुवांनी चाल उचलली की तोही उचलायचा. आज नुसता ऐकत होता.

“आईला फोन लाव,” तो म्हणाला. “आज जरा स्वस्त असतो.”

आभाने फोन लावला आणि वायर ताणत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“आई, बाबाने कॉर्नफ्लोर घातलं. हो, व्हाइटवालं.” तिने रिसीव्हरवर हात ठेवला. “शी इज लाफिंग. ते सूपमध्ये घालतात म्हणे. मक्याचं पीठ हवं, पिवळं. वरच्या फळीवर, निळ्या डब्यात.” पुन्हा ऐकलं, आणि तिचा चेहरा उजळला. “बाबा, ते वाढलं असेल म्हणते. देअर विल बी लॉट्स!”

गुणवंतने डबा काढला. हातात घेताच त्याला कळलं. आत एक वाळकं तमालपत्र होतं आणि कडेला पिवळी भुकटी.

“इट्स एम्प्टी,” आभा म्हणाली. “आई तर म्हणाली वाढलं.”

“बरोबरच म्हणाली. घरातलं पीठमीठ संपलं असं म्हणायचं नाही, राणी. वाढलं म्हणायचं. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळही आपण फोडत नाही, वाढवतो.”

“बट व्हाय?”

“देव घरातच असतो ना. कुठल्या शब्दाला तथास्तु म्हणेल, नेम नाही. बुवा सांगतात की कीर्तनात.”

“सो यू से द ऑपोझिट.”

“वाईट शब्द आपल्या तोंडून जायला नको, एवढंच.”

आभाने डब्यात पुन्हा एकदा डोकावून पाहिलं. “खलास इज ईझिअर,” ती म्हणाली.

“बरं, वाटी घे आणि समोर मैमुनाबींकडे जा. त्यांच्याकडे असेल मक्याचं पीठ.”

ती गेली. गुणवंतने रिसीव्हर कानाला लावला.

“दादा कसे आहेत?”

“काठी टेकत कोपऱ्यावरच्या गणपतीला जाऊन येतात आता,” पुण्याहून वैभवी म्हणाली.

फेब्रुवारीच्या शेवटी तिचे वडील न्हाणीघरात पडले, मांडीचं हाड मोडलं, आणि ती मिळेल त्या विमानाने गेली. ते हाड मे महिन्यातच जुळलं होतं. जूनमध्ये जवळच्या शाळेत एक बाई रजेवर गेल्या, त्यांच्या जागी ती शिकवायला लागली होती. थोडे दिवस, म्हणाली होती.

“शाळेनं विचारलंय,” ती म्हणाली. “वर्षभर वर्ग घ्याल का म्हणून.”

गुणवंतने गॅस बारीक केला.

“ऑगस्टअखेर बाहेर राहून सहा महिने होतील, वैभवी. मग व्हिसा रद्द…”

“अहो, माहितीये.” आवाजात राग नव्हता. तो नुसता थकलेला होता, त्याच्या स्वतःच्या आवाजाइतकाच. “इथं सकाळी उठले की मला कुठंतरी जायचं असतं. तिथं तुम्ही दोघं बाहेर पडलात, की मी आणि एसी.”

हे तिने याआधी कधी म्हटलं नव्हतं. की म्हटलं होतं, आणि तेव्हा कॅसेट चालू होती?

“तिकीट पाठवू का?”

“मी सांगते,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “तेल फार तापवू नका. बाहेरून लाल दिसतं, आत थंडच राहतं. सॉसेज पुसून आधी कोरडं पीठ लावा. ठेवते.”

आभा भरलेली वाटी सांभाळत आली. “मैमुनाआंटी म्हणाल्या, वाटी रिकामी आणू नकोस, कॉर्न डॉग घालून आण.”

वैभवी करायची तसा गुणवंतने पहिल्या काडीला उकडलेला बटाटा लावून तळला आणि देवापुढे ठेवला. देवाला सॉसेज कसं चालणार? मग एकेक सॉसेज पुसलं, कोरड्या पिठात लोळवलं, नव्या पिठात बुडवलं. या वेळी कोट टिकला. आभाने फुंकर घालून घास घेतला आणि डोळे मिटून म्हणाली, “सेम. अगदी आईचे.”

गुणवंतला त्या क्षणी बसावंसं वाटलं, पण कढईत अजून एक होता.

“आई काय म्हणाली?”

“तेल फार तापवू नका म्हणाली.”

“अँड?”

त्याने देवाकडे पाहिलं. मग शब्द निवडून म्हणाला, “आईचा मुक्काम जरा वाढलाय.”

केचपच्या बाटलीवरचा आभाचा हात थांबला. ओट्यावर निळा डबा अजून उघडाच होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग बाबाकडे.

“वाढलाय म्हणजे मोअर,” तिने विचारलं, “की वाढलाय म्हणजे खलास?”

गुणवंतने कढईतली काडी फिरवली. एक बाजू लाल झाली होती, दुसरी अजून फिकटच होती. ती होईपर्यंत त्याने निळा डबा पुसला, वाटीत उरलेलं पिवळं पीठ त्यात ओतलं, वर ते तमालपत्र ठेवलं आणि झाकण घट्ट लावलं.