मी, शिशाचा दिवा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. पण मला कुणी बिचारा म्हणायचं काम नाही! पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी अकरा वर्षं इमानेइतबारे काम केलं आहे.

माझ्या पोटात शिशाची छोटीशी वाटी आहे. वीज आली की शिशाच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन वर उडी मारतात आणि खाली येताना प्रकाश सोडतात. तो तुमच्या डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो तांबूस उजेड माझ्यातल्या निऑन वायूचा, आणि लोक त्यालाच भुलतात! माझ्यासमोर ज्योत असते. तिच्यात पाण्याचा फवारा सोडतात. पाण्यात शिसं असेल, तर त्याचे अणू माझा प्रकाश गिळतात, कारण शिशाने सोडलेला प्रकाश शिशालाच नेमका मानवतो. तांब्याचे अणू त्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. पलीकडे प्रकाश किती कमी पोचला, त्यावरून शिसं मोजतात.

एकदा बालवाडीच्या नळाचं पाणी आलं. तपासणीच्या ताईंनी ते आटवून ज्योतीत सोडलं, आणि माझा प्रकाश पार घसरला. पाण्यात शिसं होतं, म्हणजे पोरांसाठी विषच!

प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "अहो ताई, दिवा म्हातारा झालाय. कशाला उगाच बोभाटा? महिन्याभरात नवा येईल, तेव्हा बघू."

महिनाभर! आणि तोवर पोरांनी तेच पाणी प्यायचं? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

ताईही काही कमी नव्हत्या. त्यांनी शुद्ध पाणी सोडलं. माझा प्रकाश सुखरूप पलीकडे गेला. तांबं मिसळलेलं पाणी सोडलं, तरीही गेला. पुन्हा नळाचं सोडलं, आणि घसरला.

"म्हातारा आहे ना, मग दोनदा नीट कसा चालला?" ताईंनी विचारलं.

"ते काही असो. नव्या दिव्याशिवाय मी अहवालावर सही करणार नाही."

ताईंनी त्यांच्यादेखतच बालवाडीच्या बाईंना फोन लावला. "पोरांना त्या नळाचं पाणी देऊ नका. हो, आत्तापासून. माझ्या जबाबदारीवर."

महिन्याने नवा दिवा आला. त्याच नळाचं पाणी पुन्हा तपासलं, आकडा तोच निघाला. साहेबांनी मान खाली घालून सही केली आणि माझी रवानगी कपाटात झाली.

मित्रांनो, मला खुशाल भंगारात काढा. पण आकडा नकोसा वाटला म्हणून दिव्याला खोटं पाडू नका. तो महिनाभर बालवाडीतली पोरं घरून आणलेलं पाणी प्यायली, ती एका म्हाताऱ्या दिव्याच्या आणि एका हट्टी ताईच्या शब्दावर!