निळ्या ओठांची चिमी आणि माझी मांडी

मी एक जुनी खुर्ची आहे. मोडकी म्हणाल तर खबरदार! मित्रांनो, मुलांच्या दवाखान्यात, तातडीच्या खोलीत माझा जन्म गेला. सुताराने मला मुद्दाम रुंद आणि बुटकी केली. "लेकरू घेऊन बसायचंय हिच्यावर," असं म्हणून त्याने माझे हात स्वतःच्या गालाला लावून पाहत घासले. त्या खोलीतल्या चाकांच्या पलंगाचे असे लाड कुणी केलेत?

पुढे माझा एक पाय डुगडुगू लागला आणि मला व्हरांड्यात काढलं. येणारेजाणारे माझ्यावर हेल्मेटं ठेवत. माझ्यावर, हेल्मेटं!

एके सकाळी एक आई धावत आली. कडेवर दीड वर्षाची चिमी, धापा टाकणारी. मागून आजी. "काही नाही हो, हट्टी आहे मेली. रडली की निळी पडते."

डॉक्टरीणबाईंनी ओठ पाहिले, नखं पाहिली, छातीला नळी लावली. "आजी, हा हट्ट नाही. हृदयात जन्मापासूनचा दोष असावा."

पलंगावर ठेवताच चिमीने आकांत मांडला. जितकी रडे तितकी निळी होई.

"उचला तिला! आईच्या मांडीवर द्या, गुडघे छातीशी धरा. आधी रडणं थांबलं पाहिजे."

आई स्टुलावर टेकली, तर स्टूलच चाकांवर पळालं. नव्यांचं हे असं!

"मामा, ती जुनी खुर्ची आणा!" सिस्टर वॉर्डबॉयला ओरडून म्हणाल्या.

"तिचा पाय डुगडुगतो."

"मग तुमचा लावा!"

मामांनी मला ओढत आणलं आणि खरंच आपला बूट माझ्या पायाखाली सरकवला. आई बसली. चिमीचे गुडघे छातीशी दुमडले, प्राणवायूचा मास्क तोंडाजवळ धरला, औषधाची सुईसुद्धा आईच्या मांडीवर असतानाच दिली. मी एरवी करकरते. त्या वेळी हूं की चूं केलं नाही. हळूहळू हुंदके विरले. ओठांवरचा निळा रंग फिका पडला.

"आणि मी हट्टी म्हणून हिच्यावर ओरडत होते गं," आजी रडू लागली.

"आई, हळू. डोळा लागतोय तिचा," चिमीची आई आजीला म्हणाली.

मग तपासण्या झाल्या, हृदयाचं ऑपरेशन झालं. मलाही नवा पाय बसला आणि माझी जागा परत मिळाली. मागून घेतली नाही हो, मानाने मिळाली!

म्हणून सांगते मित्रांनो, जुन्या माणसाला, जुन्या खुर्चीला अडगळ म्हणू नका. आणि बाळाचे ओठ निळे पडले, तर त्याला हट्ट म्हणू नका. तडक दवाखाना गाठा. खरा हट्ट बघायचाय? चिमी तपासणीला येते तेव्हा या. माझ्यावर चढून बसते, उतर म्हटलं की पाय आपटून भोकाड पसरते.

आणि ओठ? गुलाबी!