निव्वळ रस

मित्रांनो, स्वयंपाकघराच्या माळ्यावर, फुटक्या बादलीच्या आड, कागदात गुंडाळून ठेवलेला जुना ज्यूसर म्हणजे मी. मला वीज लागत नाही. हाताने दांडा फिरवला की मी चालतो. कारखान्यात वितळलेला धातू साच्यात ओतून मला घडवलं, घासूनपुसून चकचकीत केलं आणि पोटात एक पिळदार स्क्रू बसवला. तो फिरू लागला की फळ चिरडतं, पुढून रस गळतो आणि बाजूने कोरडा चोथा पडतो. एवढंच मला येतं.

मी ज्या घरात आलो, तिथले बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांचं अक्षर असं देखणं, की रस्त्याने जाणारा माणूस क्षणभर थांबून पाटी वाचायचा. त्यांची बायको अंथरुणाला खिळली होती. तिच्या घशाखाली घास उतरेनासा झाला, म्हणून त्यांच्या मुलीने मला विकत आणलं. नोकरीवरून आली की ती पदर खोचून मला ओट्याच्या कडेला घट्ट बसवायची, संत्री पिळायची आणि आईला चमच्याचमच्याने रस पाजायची. "तोंडाला चव आली गं," असं आई एकदा म्हणाली. तेवढं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा कधी आलं नाही.

आई गेली. बाबा ताटावर बसायचे आणि अन्न चिवडून उठायचे.

"भूक नाही, पोरी. तू जेव."

"नका जेवू. पण एवढं तरी प्या," म्हणून मुलीने पेला पुढे केला. बाबांनी तो रिकामा केला, आणि तिला वाटलं, चला, पोटात काहीतरी गेलं.

तिथून ते सुरू झालं. न्याहारीऐवजी पेलाभर रस, संध्याकाळी पुन्हा पेलाभर. कधी द्राक्षं, कधी मोसंबी, कधी अननस. शेजारच्या काकू म्हणायच्या, "बापाची एवढी काळजी घेणारी लेक नशिबानेच मिळते." मुलगी लाजायची आणि मला पुसून लखलखीत करून खिडकीशी ठेवायची.

पुढे बाबांना तहान लागू लागली. पाणी कितीही प्यायले तरी घसा कोरडाच. सदरा खांद्यांवर लोंबू लागला. "अशक्तपणा आलाय तुम्हाला," म्हणत मुलीने मोठा पेला काढला. दवाखान्याचं नाव काढलं की बाबा म्हणायचे, "मला काय धाड भरलीय? तू देतेस तो रस पितो की मी."

मग एका दुकानदाराने नवी कोरी पाटी परत आणून दिली. ओळ एका बाजूला घसरली होती, अक्षरं एकमेकांवर चढली होती. बाबांनी पाटी भिंतीला टेकवली. जवळ गेले, मागे सरले, पुन्हा जवळ गेले.

"मला तर सरळ दिसतेय," ते हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुलगी पिशवीभर गाजरं घेऊन आली, कारण गाजर डोळ्यांना चांगलं असं तिने ऐकलं होतं. नुसता गाजराचा रस बाबांना आवडेना, म्हणून त्यात संत्री आणि सफरचंदं. दांडा फिरवून तिचा खांदा भरून यायचा, पण ती थांबायची नाही. बाबा पेला संपवून म्हणायचे, "आता जरा बरं दिसतंय." ते खरं नव्हतं. मी ओट्यावरच होतो ना. पेला खाली ठेवताना ते आधी ओट्याची कड चाचपत असत.

शेवटी, बाबांना हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन जा, म्हणून काकूच मुलीच्या मागे लागल्या. तिथून परत आल्यावर मुलगी स्वयंपाकघरात जमिनीवरच बसली. काकू शेजारी टेकल्या.

"रक्तातली साखर भयंकर वाढलीय," मुलगी म्हणाली. "मधुमेह बऱ्याच वर्षांचा असेल म्हणे, आम्हाला पत्ताच नाही. त्यानेच डोळे बिघडले. एका डोळ्याचं आता काही होण्यासारखं नाही. दुसरा वाचतो का बघतील. मी डॉक्टरांना म्हटलं, साखरेचा कणही घालत नाही मी, निव्वळ फळांचा रस देते. त्यांनी विचारलं, किती? मी सांगितलं, तर म्हणाल्या, आजपासून रस बंद."

"फळाने काय होतं गं?"

"अख्खं फळ बेताने चालेल म्हणाल्या. चावून खाल्लं की पोट लवकर भरतं, साखर सावकाश अंगात उतरते. मी पेल्यात चार-पाच फळांची साखर ओतायचे, काकू, आणि तिला आवर घालणारा चोथा केराच्या टोपलीत टाकायचे. रोज."

बाबा दाराची चौकट धरून उभे होते. "तू काय विष पाजलंस का मला? दवाखान्यात यायला मीच तयार नव्हतो."

"दिसत नव्हतं तर सांगायचं होतंत, बाबा."

"एवढ्या मायेने करत होतीस," बाबा म्हणाले, "तुला काय सांगणार?"

त्या संध्याकाळी मुलीने मला धुतलं, कोरडं केलं आणि वर ठेवून दिलं. पाट्यांचं काम सुटलं. बाबांचे ब्रश डब्यात वाळून काटक्यांसारखे झाले. आता दुपारी ती सफरचंद चिरते आणि एकेक फोड त्यांच्या तळहातावर ठेवते. बाबा सावकाश चावत राहतात.

मित्रांनो, माझ्यावर राग धरू नका, आणि मला डोक्यावरही घेऊ नका. ज्याला घास गिळवत नाही, त्याच्यासाठी मला जरूर खाली काढा. निरोगी माणसानेही जेवणासोबत लहानसा पेला घेतला तर हरकत नाही. पण दात शाबूत आहेत तोवर फळ चावून खा, आणि जेवणाच्या जागी रसाचा पेला मांडू नका. घरातलं कोणी वाळत चाललं असेल, सारखं पाणी मागत असेल, वस्तू चाचपत असेल, तर आपल्या मनाने काही पाजण्याआधी त्याच्याजवळ बसा. काय होतंय ते विचारा. "काही नाही" असं उत्तर आलं, तर उठून जाऊ नका.