पाऊण दिवसाचं मीठ

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. दोन पितळी पारडी, मधे लोखंडी दांडी आणि वर बोटभर काटा, असं माझं रूप. माझा मुक्काम एका बेकरीच्या मागच्या खोलीत, पिठाच्या पोत्यांशेजारी असतो. म्हातारपणी माणसानं शांत व्हावं म्हणतात. मला काही ते जमलेलं नाही. घडलेलं आठवलं की पारड्यात काही नसतानाही माझा काटा थरथरतो. बघणाऱ्यांना वाटतं वारा सुटला. वारा कसला, राग आहे तो!

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्याबरोबर माझी वजनंही जन्मली, दहा किलोच्या धिप्पाड वजनापासून पन्नास ग्रॅमच्या इवल्याशा वजनापर्यंत. त्या इवल्याशाला आम्ही सगळे बुटकं म्हणतो. कारखान्यातून बाहेर पडण्याआधी एक तपासनीस आम्हाला पारखायला बसले. मोठी वजनं झटपट पास झाली. बुटकं मात्र केसभर जड निघालं. तपासनीसांनी ते उलटं केलं, खरवडलं, तोललं, पुन्हा खरवडलं. त्यांचा चहा गार झाला, मदतनीस म्हणाला, "जाऊ द्या हो साहेब, एवढंसं तर आहे." तपासनीस म्हणाले, "एवढंसं आहे म्हणूनच." त्या दिवशी जे कानावर पडलं ते मी आजवर विसरलेलो नाही.

मला विकत घेतलं ते आताच्या मालकांच्या वडिलांनी. तेव्हा मी दुकानात, अगदी दर्शनी जागेवर होतो. गिऱ्हाईक आधी माझ्याकडे बघायचं आणि मग बिस्किटांकडे. "या काट्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा," असं लोक म्हणायचे, आणि माझी पारडी अशी काही चमकायची की काय सांगू! वडील आपल्या मुलाला माझ्याजवळ उभं करून पाव शिकवायचे. "पीठ अर्धं घेतलंस ना? मग पाणी अर्धं, मीठपण अर्धं. घाणा लहान झाला म्हणून मिठाला सुट्टी देऊ नकोस." मुलगा मान डोलवायचा. पुढे तोच मालक झाला.

मग लाल आकड्यांचा विजेचा काटा आला आणि माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. त्याच्यावर माझा राग नाही. वीज गेली की बिचारा आंधळा होतो आणि मग सगळे धावत माझ्याकडेच येतात. शिवाय मागच्या खोलीत मला काकू भेटल्या.

काकू पीठ मळायला येत, आठवड्यातून तीन दिवस. बाकीची माणसं सहा दिवस यायची. काकू आल्या की आधी कोरड्या फडक्यानं माझी पारडी पुसत, वजनं ओळीनं लावत आणि बुटकं कुठे पोत्याखाली गेलं असेल तर ते शोधून काढत. तोंडानं फटकळ, पण हात असा की त्यांनी मळलेल्या पिठाचा पाव कधी बसला नाही.

आता रागाची गोष्ट ऐका. बेकरीचा नियम असा, की सहा दिवस काम करणाऱ्याला महिन्याला दीड दिवस भरपगारी रजा. काकू निम्मे दिवस येतात, म्हणून त्यांचा पगार निम्मा. ठीक आहे, प्रमाणात म्हणजे प्रमाणात. पगार निम्मा करताना कुणाला कसलीही अडचण आली नाही. शेवटच्या पैशापर्यंत बरोब्बर निम्मा झाला. मग रजाही निम्मी व्हायला हवी की नाही? दीडाचं निम्मं पाऊण. महिन्याला पाऊण दिवस, वर्षाला नऊ दिवस. हे गणित मला येतं, तुम्हाला येतं. पण चार वर्षांत काकूंना रजेचा एकही दिवस मिळाला नाही.

का? तर मामा! मामा म्हणजे मालकीणबाईंचे धाकटे भाऊ. मुलांचे मामा म्हणून सगळ्या बेकरीचेच मामा. महिनाअखेरीला लॅपटॉप घेऊन येत, माझ्याच फळीवर तो उघडत आणि पगाराचं कोष्टक भरत. माणूस वाईट नव्हे हो. पण कोष्टकात दिसलं ते खरं आणि समोर उभं आहे ते खोटं, असा त्यांचा खाक्या.

एके दिवशी काकू हात पुसत त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "मामा, मला तीन आठवडे रजा हवी. लेकीचं पहिलं बाळंतपण आहे. सासू अंथरुणाला खिळलेली, जावई फिरतीवर. मी नाही गेले तर तिच्याजवळ कुणीच नाही."

मामांनी बटणं दाबली. "काकू, शिल्लक शून्य दाखवतंय."

"शून्य कसं? चार वर्षं झाली मला."

"असं बघा, महिन्याला तुमचा पाऊण दिवस बसतो. पाऊण म्हणजे काही दिवस झाला नाही. पूर्ण भरला तरच धरायचा."

"मग पुढच्या महिन्याचा पाऊण मिळवा की त्यात. दीड होईल."

"तसं नाही होत. त्या महिन्याचा हिशेब त्या महिन्यात मिटतो."

बघितलंत? दर महिन्याला पाऊण दिवस उगवायचा आणि दर महिन्याला हा माणूस तो पुसून टाकायचा! पोत्याच्या तळाचं पीठ रोज झटकून फेकलं तर महिन्यात किती पीठ जाईल, हे कुणीही सांगेल. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय नाहीत, पण जे काही आहे ते तापलं.

काकूंनी मालकांकडे पाहिलं. मालक म्हणाले, "काकू, तसे तुम्हाला आठवड्यात चार दिवस मोकळेच असतात ना? आणखी रजा कशाला? जायचं तर जा, पण पगार कापून."

"त्या चार दिवसांचा पगार देता का मला?" काकू फाडकन म्हणाल्या. "नाही ना? मग ते दिवस माझ्या रजेत कशाला धरता?"

मालक भट्टी बघायला वळले. मामा लॅपटॉपमध्ये तोंड खुपसून बसले. तीन आठवडे पगार कापला असता तर काकूंच्या घरभाड्याचे वांधे झाले असते. शेवटी त्यांनी एकाच आठवड्याची बिनपगारी सुट्टी घेतली. बाळ यायला डॉक्टरांनी दोन आठवडे सांगितले होते. म्हणजे काकू तिथे जाणार, लेकीचे पाय चेपणार आणि ऐन वेळेला तिला एकटीला टाकून पीठ मळायला परत येणार. जाताना त्यांनी माझी पारडी पुसली, पण एरवी गुणगुणतात तसं काही गुणगुणल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं.

काकू गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी मालकांची पाठ धरली. त्या दिवशी शेजारच्या खानावळीची पावांची मागणी होती. अर्धा घाणा लागणार होता. बाकीची माणसं भट्टीवर गुंतलेली, म्हणून मामा पुढे सरसावले. "त्यात काय एवढं, भावोजी? मी करतो. प्रमाण घातलं की कोष्टक सगळं काढून देतं." मालकांनी खमीर आधीच तयार ठेवलं होतं. मामांनी लॅपटॉप उघडला. नवीन कोष्टक कशाला करा, म्हणून रजेचंच घेतलं आणि दिवसांच्या जागी किलो लिहिले. पूर्ण घाण्याला पंच्याहत्तर किलो पीठ, दीड किलो मीठ. भागिले दोन.

मी श्वास रोखून बघत होतो. कोष्टकानं पीठ सदतीस किलो दाखवलं, वरचा अर्धा किलो गिळून टाकला. आणि मीठ? शून्य! मामांनी मिठाच्या डब्याकडे एकदा पाहिलं, पडद्याकडे एकदा पाहिलं आणि पडद्यावर विश्वास ठेवला. माझी पाचशेची, दोनशेची आणि बुटकं अशी तीन वजनं फळीवर तयार बसली होती. त्यांना त्यांनी हातसुद्धा लावला नाही. मला वाचा असती तर मी ओरडून बेकरी डोक्यावर घेतली असती.

पाव मात्र फुगले छान. दुपारी खानावळवाला सगळ्या टोपल्या घेऊन परत आला आणि दुकानाच्या फळीवर आपटून म्हणाला, "बाई, हे पाव आहेत की उशीतला कापूस? एकानं दुसरा घास घेतला नाही!"

मालकीणबाईंनी तुकडा तोंडात टाकला आणि तशाच मागच्या खोलीत आल्या. "काय रे, मीठ किती घातलंस?"

"ताई, कोष्टकात शून्य आलं."

"शून्य? पावात?"

"पाऊण किलो बसत होतं. पूर्ण किलो भरत नाही ना, म्हणून..."

मालकीणबाईंनी पाचशेचं, दोनशेचं आणि पन्नासचं वजन माझ्या पारड्यात ठेवलं. मित्रांनो, मी आयुष्यात कधी जास्तीचा जोर लावलेला नाही. पण त्या दिवशी ते पारडं मी असं धाडकन खाली टेकवलं की मामा दचकले.

"हे काय आहे?"

"पाऊण किलो."

"दिसतंय ना? मग शून्य कसं रे झालं? आणि हे कोष्टक कसलं आहे?"

मामांचा आवाज खोल गेला. "रजेचं."

आता मालकीणबाईंचा चेहरा बदलला. "म्हणजे काकूंची रजा पण अशीच खाल्लीस तू? चार वर्षं?"

पाठ धरून मालक दारात आले होते. "अगं, पण एकीला दिली की उद्या दुसरे मागतील."

"मागू देत की! त्यांच्या हक्काचं असेल तर मागतीलच. तुमच्या वडिलांनी तुम्हाला या काट्याजवळ उभं करून काय शिकवलं होतं? का ते फक्त मिठापुरतंच होतं?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पारडं हलू दिलं नाही.

त्यांनी तिथूनच काकूंना फोन लावला. "काकू, परत यायची घाई करू नका. वर्षाचे नऊ दिवस निघतात तुमचे. आठवड्याला तीन म्हणजे पुरे तीन आठवडे, भरपगारी. हो, या आठवड्याचेही कापत नाही. हो, लिहून देतो."

मला वाटलं, काकू आभार मानतील. फोनमधून काकूंचा आवाज खणखणीत आला. "मालक, हे आधी का नाही सुचलं हो? चार रात्री मी रडून काढल्या. आणि मागच्या तीन वर्षांचे सत्तावीस दिवस, त्यांचं काय?"

मालक खाकरले. "बघू," म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यात, रजा नसती तर काकू माझ्यासमोर पीठ मळत असत्या त्याच दिवशी, फोन आला. मालकीणबाई आनंदानं ओरडल्या, "मुलगी झाली! काकू होत्या जवळ! वजन पावणेतीन किलो!"

मामा चुकलेलं रजेचं कोष्टक नव्यानं भरत होते. सवयीनं पुटपुटले, "म्हणजे दोन..."

सगळी खोली त्यांच्याकडे वळली. मामा मोठ्यानं म्हणाले, "पावणेतीन! पावणेतीन किलो, ताई. पाऊण धरायचा."

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणी दुकान काढाल, कुणाच्या हातून चार माणसांचे पगार होतील. तेव्हा माझी पारडी पुसली नाहीत तरी चालेल, पण बुटक्याला विसरू नका. माणूस निम्मे दिवस येतो म्हणून तो अर्धा माणूस होत नाही. त्याची लेक पूर्ण असते, त्याचं भाडं पूर्ण असतं.

काकू आता परत आल्या आहेत. त्यांनी नातीचा फोटो माझ्या दांडीला टेकवून ठेवला आहे. त्या सत्तावीस दिवसांचं मालक अजून "बघू"च म्हणतात. म्हणून काकू येतील त्या दिवशी काम सुरू करायच्या आधी ती तीन वजनं माझ्या एका पारड्यात ठेवतात, दुसरं रिकामंच सोडतात आणि मालकांना हाक मारतात.

"मालक, बघताय ना?"